रमण्यापासून मामलेदार कचेरीपर्यंत

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशवाईच्या काळी चोहोबाजूंनी भिंत घातलेले एक विस्तीर्ण आवार होते. त्याला रमणा म्हणत, आणि त्या भागाच्या नावात तो शब्द अद्याप टिकून आहे. श्रावणमास लागला की कोकणातून, कर्नाटकातून, गोदातीराच्या क्षेत्रांतून, फार काय काशीकडूनही ब्राह्मणांचे तांडे पावसाचिखलातून या रमण्याची वाट धरीत. ठरलेल्या दिवशी त्यांना आत घेऊन दरवाजे बंद केले जात, आणि वाटप सुरू झाले म्हणजे एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवून त्याला बाहेर सोडले जाई, हेतू हा की एकदा घेतलेल्याने दुसऱ्या दरवाजाने पुन्हा आत शिरून दुसऱ्यांदा हात पुढे करू नये. सरकारचे द्रव्य विद्येच्या नावाने वाटावयाचे झाले म्हणजे विद्येच्या आधी लबाडीचा बंदोबस्त करावा लागतो, ही गोष्ट शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडलेल्या कागदांची आजची चळत पाहून आपल्याला अलीकडची वाटते. परंतु रमण्याची भिंत त्याच हेतूने उभी होती.

ही प्रथा मूळची पेशव्यांची नव्हे. सेनापती खंडेराव दाभाडे हे तळेगावास दरवर्षी ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत असत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव हे पहिल्या बाजीरावाच्या फौजेशी लढताना पडले, आणि दाभाड्यांच्या घराण्याचा दबदबा ओसरला तशी ही दक्षिणाही तळेगावाहून पुण्यास आली. पराभूत सरदाराचा मुलूख जिंकणे सोपे, पण त्याचा दानधर्म जिंकून आपल्या नावावर चढविणे ही राजकारणाची बारीक कला होय, आणि ती बाजीरावास चांगली अवगत होती. पुढे नानासाहेबांच्या कारकीर्दीत या खर्चाचा आकडा लाखांच्या घरात गेला. रमण्यात मिळे ती सामान्यांची दक्षिणा. ज्यांनी वेद, न्याय, व्याकरण, ज्योतिष यांत नाव मिळविले होते, त्यांची परीक्षा दरबारातील शास्त्री घेत आणि त्यांच्या विद्वत्तेच्या मानाने त्यांना अधिक रक्कम व शालजोडीचा मान मिळे. अर्थात ज्ञातीची अट पहिली आणि परीक्षा दुसरी. जन्माने जो ब्राह्मण नव्हता त्याच्यासाठी रमण्याला दरवाजाच नव्हता, मग त्या खजिन्यात भर घालणारा शेतसारा कोणत्याही जातीच्या कुणब्याच्या खळ्यावरून आलेला असो.

या वाटपाच्या व्यवस्थेत रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव येते, आणि त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. शास्त्रीबुवांचे वडील बंधू एकदा दक्षिणेसाठी आले. विद्या बेताची. शेजारी बसलेल्या नाना फडणिसांनी आदरापोटी सुचविले की, आपले बंधू म्हणून यांना वीस रुपये द्यावेत. रामशास्त्र्यांनी उत्तर केले की, यांची विद्या सामान्य आहे, तेव्हा सामान्यांस मिळतात ते दोन रुपयेच सरकारातून द्यावेत; माझे बंधू म्हणून जे काय द्यावयाचे ते मी माझ्या घरून देईन. गोष्ट अक्षरशः घडली की नाही याचा निवाडा करण्याचे कारण नाही. पण ती लोकांच्या तोंडी राहिली याचा अर्थ असा की, वशिल्याने दक्षिणा मिळते ही समजूत त्या काळीही इतकी सार्वत्रिक असावी की त्याविरुद्धचे एकच उदाहरण दीडदोनशे वर्षे पुरले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत तर विद्येची पारख मागे पडून गर्दीची मोजदादच काय ती उरली.

१८१८ साली पेशवाई बुडाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा विजेता अधिकारी शहाणा होता. ज्या वर्गाची सत्ता आपण हिरावून घेतली त्याच्या तोंडचा घासही एकदम काढून घेतला तर असंतोष पेटेल हे जाणून त्याने दक्षिणा बंद केली नाही. मात्र तिचा ओघ हळूहळू वळवावा, वेदपठणापेक्षा धर्मशास्त्र म्हणजे कायदा, गणित आणि व्यवहारोपयोगी विद्या यांना बक्षिसे मिळावीत, असा त्याचा विचार होता. त्याच्यामागून दख्खनचा कमिशनर झालेल्या विल्यम चॅप्लिनने १८२१ च्या ऑक्टोबरात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, ती याच दक्षिणेच्या पैशातून. अध्यापकांना पगार आणि विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतन अशी तेथील रचना होती. येथे प्रथमच असे झाले की, वर्षातून एकदा श्रावणात हातावर पडणारी रक्कम महिन्याच्या महिन्याला, हजेरीपटावरच्या नावासमोर, पावतीवर सही घेऊन दिली जाऊ लागली. दान घेणारा ब्राह्मण आणि विद्यावेतन घेणारा विद्यार्थी हे बाहेरून एकाच घरचे दिसत असले, तरी त्या पावतीने दोघांत अंतर पाडले. दानाला हिशेब नसतो. वेतनाला असतो, आणि ज्याचा हिशेब ठेवला जातो त्याच्याविषयी आज ना उद्या कोणीतरी विचारतेच की हे त्यालाच का.

ते विचारले गेले १८४९ साली. तोवर दक्षिणेच्या यादीत नव्या नावांची भर घालणे सरकारने थांबविले होते आणि जुने धनी निवर्तत जातील तशी शिल्लक साचत होती. पुण्यातील काही तरुणांनी, ज्यांत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे प्रमुख होते, सरकारकडे अर्ज केला की, या पैशातून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस उत्तेजन द्यावे, आणि ते कोणत्याही जातीचे असले तरी द्यावे. मागणी आज किती सौम्य वाटते! परंतु त्या काळच्या पुण्यात तिने अशी खळबळ उडविली की अर्जावर सह्या करणाऱ्यांना मारहाणीची भीती वाटू लागली. त्यांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुल्यांनी कष्टकरी जातींतली माणसे जमवून आणली, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. ज्यांच्यासाठी रमण्याला दरवाजा नव्हता ती माणसे दक्षिणेच्या भांडणात ब्राह्मण सुधारकांच्या पाठीशी उभी राहिली, हा प्रसंग मला शंभर ठरावांपेक्षा अधिक बोलका वाटतो. १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. त्याच वर्षी पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झाले, आणि त्याचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले.

उरलेल्या दक्षिणेचे रूपांतर फेलोशिपमध्ये झाले. या दक्षिणा फेलोंची नामावळी वाचली म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासाची अनुक्रमणिकाच वाचल्यासारखे वाटते: रामकृष्ण गोपाळ भांडारकर, महादेव गोविंद रानडे, शंकर पांडुरंग पंडित, आणि गोपाळ गणेश आगरकर. पैकी आगरकरांची हकीकत सर्वांस ठाऊक असल्याने ती सांगू नये असे वाटते, तरी या विषयात ती टाळता येत नाही. कऱ्हाडनजीकच्या टेंभू गावातला हा मुलगा कॉलेजात असता त्याच्यापाशी सदरा एकच होता. तो रात्री धुऊन वाळत घालावयाचा आणि सकाळी तोच अंगात घालून वर्गात बसावयाचे, असा त्याचा क्रम होता. एम.ए.चा अभ्यास करीत असता मिळालेली दक्षिणा फेलोशिप ही त्याच्या आयुष्यातली पहिली भरवशाची मिळकत. ज्या निधीचा जन्म ब्राह्मणांना त्यांच्या ब्राह्मण्यासाठी दान देण्यापोटी झाला, त्याच निधीवर पोसून या गृहस्थाने पुढे धर्मशास्त्राच्या आधाराने चाललेल्या रूढींवर आपल्या ‘सुधारक’ पत्रातून जन्मभर आसूड ओढला. दाभाड्यांनी व पेशव्यांनी हे स्वप्नातही आणले नसेल. द्रव्य देणाऱ्याचा हेतू आणि ते घेऊन शिकलेल्याची बुद्धी यांचा मेळ बसतोच असे नाही, आणि माझ्या मते या निधीचे सर्वांत मोठे पुण्य तेच.

परंतु फेलोशिप मिळावयाची ती पदवीच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्याला. तिथवर पोहोचायचे कसे? त्या काळच्या गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याने याचे उत्तर माधुकरीत आणि वारांत शोधले होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे सात घरचे सात वार लावून घेतले म्हणजे आठवडाभराच्या जेवणाची ददात मिटे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पाण्यावर निभवावयाचे, किंवा दुपारच्या भाकरीतली अर्धी रात्रीसाठी राखावयाची. सरकारी दप्तरात या साहाय्याची कोठेही नोंद नाही, पण पुणे, सातारा, नाशिक येथल्या कित्येक वकिलांचे, मामलेदारांचे व मास्तरांचे शिक्षण या अन्नावर झालेले आहे, आणि ते अन्न वाढणाऱ्या गृहिणींची नावे कोणत्याही फेलोशिपच्या फलकावर नाहीत. मात्र वार लागत ते जातीच्या पंगतीत. खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या पोराला शहरात वार कोण देणार? महाराच्या मुलाला तर ओसरीवरही जागा नव्हती.

ही अडचण जोतीराव फुल्यांइतकी स्वच्छ कोणी मांडली नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन केले त्यात प्राथमिक शिक्षणाचा भाग सर्वांच्या लक्षात राहिला आहे, पण शिष्यवृत्त्यांविषयीचा त्यांचा आक्षेप अधिक मर्मभेदी आहे. परीक्षेत स्पर्धा लावून शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसत असली, तरी ज्या वर्गांत अद्याप विद्येचा प्रवेशच झाला नाही त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठीच राखून ठेवाव्यात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच निवेदनात त्यांनी हेही बजावले की, सरकारचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या घामातून येते आणि खर्च होते ते वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर. रमण्यात ‘तू कोणत्या कुळातला?’ असे विचारीत. इंग्रजी अमलात ‘तुला मार्क किती?’ असे विचारू लागले आणि हा प्रश्न निःपक्षपाती आहे असा सर्वांचा समज झाला. मार्कांच्या मागेही कुळच उभे आहे, हे फुल्यांनी दाखवून दिले.

त्यांच्या हयातीत हे कोणी ऐकले नाही. ऐकले ते पुढे दोन संस्थानिकांनी, आणि दोघांनीही आपापल्या पद्धतीने. कोल्हापुरास शाहू महाराजांनी रोख रकमेपेक्षा छप्पर आणि ताट यांना आधी महत्त्व दिले. वार लागत नाहीत ना, मग जेवणाची सोयच उभी करू, असा तो रोखठोक विचार होता. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग झाले. त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, सोनार अशा जातीजमातींची वसतिगृहे उभी राहिली, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. वसतिगृहे जातवार का, अशी टीका तेव्हाही झाली व आजही होते. ती तात्त्विकदृष्ट्या बिनतोड आहे. पण ज्या समाजात पंगत जातवार बसत होती तेथे एक ताट सर्वांसमोर ठेवले असते तर त्यावर बसावयास कोण आले असते, याचेही उत्तर टीकाकाराने द्यावयास हवे. शिकून बाहेर पडलेल्यास पुढे वाव असावा म्हणून २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने महाराजांनी संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. जेवण एका बाजूला आणि नोकरी दुसऱ्या बाजूला, मधले अंतर विद्यार्थ्याने चालावयाचे, अशी ती योजना होती.

बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी रोख शिष्यवृत्तीचा मार्ग धरला. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने शिफारस केल्यावरून त्यांनी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यास मुंबईतील एल्फिन्स्टन कॉलेजात शिकण्यासाठी दरमहा २५ रुपये दिले, आणि १९१३ साली अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. या दुसऱ्या शिष्यवृत्तीला एक करारनामा जोडलेला होता. ४ जून १९१३ रोजी त्यावर सह्या झाल्या, आणि त्यान्वये शिक्षण पुरे झाल्यावर विद्यार्थ्याने दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावयाची होती. कुळाचा पुरावा नको, मार्कांची स्पर्धा नको. येथे मागितली गेली ती पुढच्या दहा वर्षांची हमी. संस्थानच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. शिकलेली माणसे हवीत, त्यांवर केलेला खर्च वसूल व्हावा, ही व्यवहाराची रीतच होय.

करार मोडला तो मात्र विद्यार्थ्याने नव्हे. १९१७ साली आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळी बंद, म्हणून एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिले, तर तेथेही ओळख उघडकीस येताच लाठ्या घेतलेली माणसे दारात येऊन उभी राहिली. कचेरीत चपरासी फायली दुरून टाकीत. कोलंबियाची पदवी मिळविलेला हा अधिकारी अखेर मुंबईस परतला. करारनाम्यातली दहा वर्षे महाराजांनी लिहून घेतली होती, पण महाराजांच्या राजधानीने त्या दहा वर्षांसाठी एक खोली द्यावयास नकार दिला. दस्तऐवज सरकार करते, आणि तो पाळावयाचा असतो गावाला, हे ध्यानात घेतल्याशिवाय शिष्यवृत्त्यांचा कोणताही इतिहास पुरा होत नाही.

आंबेडकर हा धडा विसरले नाहीत. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत ते सभासद होते, आणि अस्पृश्य व आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या व वसतिगृहे हा त्या समितीच्या शिफारशींचा मोठा भाग होता. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असताना त्यांनी हा प्रश्न हिंदुस्थान सरकारपुढे नेला, आणि १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्यास ३ लाख रुपयांची वार्षिक तरतूद झाली. आज देशात लक्षावधी विद्यार्थी जिच्यावर शिकतात त्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीचा हा आरंभ. स्वातंत्र्यानंतर लवकरच तीत अनुसूचित जमातींचाही समावेश झाला. १९५० साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस कॉलेज काढले, तेव्हा मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली पोरे तेथे वसतिगृहाच्या खोल्यांत याच शिष्यवृत्तीच्या भरवशावर राहिली. रक्कम वेळेवर येत नसे, आणि ती येईपर्यंत खाणावळीचा तगादा चुकवीत दिवस काढावे लागत. त्या पिढीच्या आत्मचरित्रांत शिष्यवृत्ती उशिरा येण्याची तक्रार इतक्या वेळा येते की ती ऋतुमानाचा भागच वाटू लागते.

येथवर साहाय्य मिळे ते बुद्धीच्या, जातीच्या किंवा हमीच्या आधारावर. निव्वळ दारिद्र्य हा हक्क होऊ शकतो, ही कल्पना सरकारदरबारी नव्हतीच असे नाही. कॉलेजांत मोजक्या विद्यार्थ्यांना फ्रीशिप मिळे, कोणास पूर्ण, कोणास अर्धी, आणि ती प्राचार्यांच्या मर्जीवर व जागांच्या संख्येवर अवलंबून असे. ती मर्जीतून काढून नियमात बसविण्याचे काम १९५९ साली झाले. यशवंतराव चव्हाण द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असता सरकारने ठरविले की, ज्या पालकाचे वार्षिक उत्पन्न ९०० रुपयांहून कमी आहे त्याच्या मुलाची फी माफ, मग तो कोणत्याही जातीचा असो. ही मर्यादा पुढे १२०० रुपये झाली, आणि तिच्याशी शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांचे नाव लोक अजून जोडतात. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांची सवलत, म्हणजे ई.बी.सी. ही तीन अक्षरे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत इतकी मुरली की, लिहिता-वाचता न येणारा बापही ‘पोराची इबीसी झाली का’ असे विचारू लागला. सहकारी साखर कारखाना आणि ई.बी.सी. या दोहोंनी मिळून साठ-सत्तरच्या दशकांतला ग्रामीण महाराष्ट्र घडविला असे कोणी म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

आता पुरावा मागितला जाऊ लागला तो दारिद्र्याचा, आणि तो देणार कोण? गावचा तलाठी. वंशपरंपरेच्या कुलकर्णी वतनाचा नुकताच कायद्याने अंत झाला होता, आणि त्या जागी पगारी तलाठी बसला होता. ज्याचे दप्तर रयतेकडून किती घ्यावयाचे ते सांगण्यासाठी निर्माण झाले, त्याच दप्तराने आता कोणाला किती कमी आहे हे सांगावयाचे होते. जूनमध्ये शाळा-कॉलेजे उघडण्याच्या सुमारास अर्जदार बाप डोईला पटका गुंडाळून तलाठ्याच्या खोलीबाहेर उकिडवा बसे. आत सातबाराचा उतारा निघे: जमीन किती, जिरायत किती, बागायत किती, विहीर आहे काय, पिकाची आणेवारी काय लागली. त्यावरून तलाठी एक आकडा मांडी, अर्जाचा कागद मामलेदार कचेरीत जाई, तेथे त्यावर शिक्का पडे, आणि मग कॉलेजच्या कारकुनाच्या खिडकीशी पोरगा तो कागद घेऊन उभा राही. नकलांवर ‘सत्यप्रत’ असा शेरा मारून घेण्यासाठी कोणा गॅझेटेड अधिकाऱ्याला शोधणे, हा या यात्रेतला आणखी एक मुक्काम. वर्षाअखेर पोरगा नापास झाला की सवलत बंद, आणि ‘इबीसी गेली’ हे शब्द घरात आजाराच्या बातमीसारखे ऐकले जात.

या व्यवस्थेत अन्याय शिरावयास वाव होता, आणि तो शिरला. प्राथमिक शाळेचा मास्तर, पोस्टातला कारकून, गिरणीतला कामगार यांचे उत्पन्न पगारपत्रकावर काळ्यावर पांढरे नव्हे, पांढऱ्यावर काळे लिहिलेले. ते मर्यादेहून चार रुपयांनी अधिक भरले की त्यांच्या मुलाला सवलत नाही. उलट चार एकर ऊस असलेल्या बागायतदाराचे उत्पन्न तलाठ्याच्या लेखणीत मावेल तेवढेच. शहरातल्या मध्यमवर्गाने याविषयी पुष्कळ कडवट लिहिले आहे, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्यांच्या लिखाणात एक गोष्ट सहसा सापडत नाही: जिरायत शेतकऱ्याचे उत्पन्न खरोखरच सांगता येत नसे, कारण ते त्याचे त्यालाच ठाऊक नसे. कोणत्या वर्षी आठशे, कोणत्या वर्षी उणे दोनशे. ज्याचे जीवन सावकाराच्या वहीत मांडलेले आहे त्याने वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात काय भरावे? तलाठी भरी तो आकडा खोटा असे, परंतु तो खऱ्याच्या फार दूर असे असेही म्हणवत नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. मर्यादेचे आकडे वाढत गेले, फी त्यांहून वेगाने वाढत गेली, खाजगी इंजिनियरिंग व वैद्यकीय कॉलेजे निघाल्यावर जुनी फी माफी त्यांच्यापुढे तोकडी पडली, आणि सवलतीला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देऊन तिची नवी मांडणी झाली. २०१७ पासून अर्ज महाडीबीटी या संगणकीय व्यवस्थेतून भरावे लागतात आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. २०२४ साली ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. तलाठ्याच्या दारातली बैठक काहीशी कमी होऊन तालुक्याच्या सेतू केंद्रापुढची रांग वाढली.

आकड्यांच्या रकान्याविषयी इतके लिहिल्यावर अर्जातल्या दुसऱ्या एका रकान्याविषयी लिहिणे प्राप्त आहे, आणि तो म्हणजे जात व धर्म यांचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या दिवसापर्यंत ‘महार’ लिहून शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या विद्यार्थ्याने पुढच्या जूनमध्ये त्या रकान्यात काय लिहावे? ‘बौद्ध’ लिहिले तर अनुसूचित जातींच्या यादीतून नाव गेले, कारण ती यादी त्या वेळी हिंदू व शीख यांच्यापुरतीच होती. ‘हिंदू महार’ लिहिले तर जे सोडून आलो ते केवळ फीसाठी पुन्हा अंगावर घ्यावयाचे. कित्येकांनी शाळेच्या दाखल्यावर एक लिहिले आणि घरात दुसरे पाळले. कित्येकांनी अभिमानाने ‘बौद्ध’ लिहून सवलतीवर पाणी सोडले. अमुक एक करणारा खरा आणि दुसरा खोटा असे म्हणण्याचा अधिकार, ज्याच्या घरी फी भरावयास पैसा होता त्याला नाही. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० साली यशवंतरावांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या आणि निदान राज्याच्या अर्जापुरती ही कोंडी फुटली. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हावयास मात्र १९९० साल उजाडावे लागले. तोवर नागपूरच्या दीक्षासमारंभात आईच्या कडेवर असलेली मुले पस्तिशीच्या घरात आली होती आणि त्यांची मुले शाळेत जाऊ लागली होती.